रात्री दोनला पुन्हा एक वाजतो: आईबरोबर क्वीन मेरी २ वरून अटलांटिक पार

आधी थोडं मागचं सांगते म्हणजे पुढचं नीट कळेल. आई ७६ वर्षांची, ठाण्याला माझ्याजवळ असते. लेक साउथॅम्प्टनला मास्टर्स करतेय आणि भाऊ न्यू जर्सीत एडिसनला. बाबा गेल्याला दोन वर्षं झाली आणि तेव्हापासून आईची झोपच गेली. अकराला आडवी होते, एकला उठून बसते, मग देवघराजवळची खुर्ची आणि खिडकीबाहेर घोडबंदर रोडचे ट्रक, पहाटेपर्यंत तेच. डॉक्टरांनी गोळी दिलीय पण ती घेत नाही, म्हणते गोळीची झोप ती झोपच नव्हे.

तर लेकीला भेटायला दोघी गेलो आणि मुंबई-लंडन विमानात आईचे पाय एवढे सुजले की चप्पल चढेना. पुढे हिवाळ्यासाठी तिला भावाकडे सोडायचं होतं, लंडन ते न्यूयॉर्क म्हणजे अजून आठ तास. शेवटी भाऊच म्हणाला विमान नको, बोटीने या. साउथॅम्प्टनहून न्यूयॉर्क, सात रात्री, मधे कुठेही थांबा नाही. मला वाटलं मस्करी करतोय, पण त्याने दोन दिवसांत बुकिंगच करून टाकलं. अमेरिकेचा व्हिसा आमच्याकडे होता (बोटीने गेलं तरी तो लागतोच, बुकिंगच्या आधी हे बघा).

ही नेहमीची क्रूझशिप नाही, ओशन लायनर आहे. म्हणजे बेटाबेटांवर फिरायला नाही तर महासागर ओलांडायलाच बांधलेली, पत्रा जाड, नाक लांब आणि निमुळतं, लाटा कापत जाणारं. फ्रान्समधल्या सँ-नाझेरच्या गोदीत बांधली, २००४ च्या जानेवारीत राणी एलिझाबेथच्या हस्ते नामकरण झालं. लांबी ३४५ मीटर, आपली पंधरा डब्यांची लोकल शेजारी उभी केली तरी बोट थोडी उरेल.

मी हे लिहितेय ते मुख्यतः तिथल्या रात्रींबद्दल. बोटीवर काय खाल्लं, स्विमिंग पूल कसा, याचे व्हिडिओ ढिगाने आहेत. रात्री अकरानंतर काय असतं ते फार कोणी सांगत नाही, आणि आमची खरी ट्रिप तेव्हाच सुरू व्हायची.

दिवस पहिला

दुपारी चढलो. लाइफजॅकेट कुठे, जमायचं कुठे हे सगळं झालं आणि पाचच्या सुमारास भोंगा वाजला. भोंगा म्हणजे काय सांगू, छातीत घुमतो. तिच्या भोंग्यांपैकी एक जुन्या क्वीन मेरीवरचा आहे, १९३० च्या दशकातला, दहा मैलांवर ऐकू जातो म्हणतात. लेक धक्क्यावर होती, तिने फोनवर सांगितलं की बसस्टॉपवरसुद्धा ऐकू आला.

जेवणाच्या दोन पंगती असतात, सहाची आणि साडेआठची. आम्ही साडेआठची घेतली होती आणि ज्यांना रात्र बघायचीय त्यांनी हीच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. सहाला जेवलात तर दहाला डोळे मिटायला लागतात. साडेआठवाले जेवून, थिएटरचा दुसरा शो बघून बाहेर येतात तेव्हा अकरा वाजून गेलेले असतात आणि बोट पूर्ण जागी असते.

त्या रात्री नुसत्या हिंडलो. दुसऱ्या आणि तिसऱ्या डेकवर बोटीच्या मधोमध लांब रुंद रस्ते आहेत, रस्तेच म्हणायला हवं, गालिचे, भिंतीवर मोठमोठी चित्रं, आणि दोन्ही बाजूंनी एकेका दारातून वेगळा आवाज. कसिनोतली टणटण, पुढे गोल्डन लायन नावाच्या पबमधे कराओके, वरच्या डेकवर चार्ट रूममधे तिघंजण जॅझ वाजवत होते आणि लोक अगदी हळू आवाजात बोलत होते. आई प्रत्येक दाराशी थांबायची, दोन मिनिटं ऐकायची, मग पुढे. मला म्हणाली, "अगं ही जत्राच आहे, फक्त पाळण्याच्या जागी गालिचा."

आईचं माहेर मालवण. जत्रा म्हणजे तिच्या डोळ्यापुढे दशावतार येतो, रात्री उशिरा गणपती-संकासुर करून सुरू होणारा आणि उजाडेपर्यंत चालणारा. लहानपणी घोंगडीत गुंडाळून देवळासमोर बसायच्या सगळ्या बहिणी.

साडेबाराला केबिनमधे आलो तर उशीवर उद्याचा छापील कार्यक्रम ठेवलेला.

दिवस दुसरा

या कार्यक्रमाच्या कागदावर तळाशी एक ओळ होती ती आईने वाचली. आज रात्री दोन वाजता घड्याळं एक तास मागे.

हे नीट सांगते. इंग्लंड आणि न्यूयॉर्कमधे पाच तासांचा फरक आहे. विमानात तो एकदम अंगावर येतो. बोट पश्चिमेकडे जाताना तो रोज एकेक तास करून फेडतात, सातपैकी पाच रात्री. म्हणजे पाच दिवस पंचवीस तासांचे. उलट दिशेने, न्यूयॉर्कहून येताना, तेवढेच तास कापले जातात आणि तेही दुपारी, म्हणून ज्यांना जागायचंय त्यांनी पश्चिमेकडेच जावं. रात्री दोन वाजले की पुन्हा एक वाजतो! आईला हे इतकं आवडलं की तिने शेजारच्या टेबलवरच्या इंग्लिश आजीबाईंनाही समजावून सांगितलं, ज्या दर वर्षी या बोटीने येतात.

त्या संध्याकाळी गाला नाइट होती, ब्लॅक अँड व्हाइट. सहानंतर पुरुष टक्सेडोत, बायका लांब गाऊनमधे, आणि आपल्या देशाचा औपचारिक पोशाख चालतो हे नियमातच लिहिलंय, तेव्हा साडी बिनधास्त न्या. ज्यांना नटायचं नसतं त्यांच्यासाठी बुफे, पब अशा थोड्या जागा खुल्या असतात, पण खरं सांगते, नटाच. अख्खी बोट काळ्या-पांढऱ्यात असते आणि जिन्यावरून माणसं उतरत येतात तेव्हा बघत राहावंसं वाटतं.

आईने चंद्रकळा आणली होती. काळी, लाल काठाची, बाबांनी पहिल्या संक्रांतीला घेतलेली. दोन वर्षांत कपाटातून काढली नव्हती. मला न विचारता बॅगेत तळाशी ठेवून आणली होती हे मला त्या संध्याकाळी कळलं. मी काही बोलले नाही, निऱ्या नीट करून दिल्या.

क्वीन्स रूम म्हणजे तिसऱ्या डेकवरचा बॉलरूम. समुद्रावरचा सगळ्यात मोठा लाकडी डान्स फ्लोअर म्हणून त्याची ख्याती आहे. वर झुंबरं, समोर जिवंत ऑर्केस्ट्रा, रेकॉर्ड लावलेली नाही. आणि इथे एक पद्धत आहे जी आता फार थोड्या बोटींवर उरलीय, डान्स होस्ट. जोडीदार नसलेल्या बायकांबरोबर नाचायला नेमलेले सभ्य पुरुष, बहुतेक साठीच्या पुढचे. कडक नियम, एकीबरोबरच सारखं नाचायचं नाही, सगळ्यांना पाळी. शेजारच्या आजींचे यजमान सहा वर्षांपूर्वी गेले, त्यांच्याबरोबर त्या इथेच नाचायच्या. त्यांनी सांगितलं की घरी कोणी मला नाचायला विचारत नाही, इथे रोज रात्री कोणीतरी येऊन हात पुढे करतं. आईने हे दोनदा माझ्याकडून भाषांतर करून घेतलं.

एक होस्ट आईपुढेही येऊन वाकला. आईने हात जोडून नको म्हटलं, त्याने तसाच हात जोडून नमस्कार केला आणि पुढे गेला. आई नाचली नाही पण तिची बोटं खुर्चीच्या हातावर चालू होती. थोड्या वेळाने म्हणाली, "हा दादराच की गं. धा धी ना, धा ती ना." वॉल्ट्झ. तीन-तीन मात्रा. त्यानंतर तिने प्रत्येक नाचाला नाव दिलं, फॉक्सट्रॉट आला की केरवा, आणि कोणतं जोडपं मात्रा चुकतंय ते मला कानात सांगत होती. साडेबारापर्यंत बसलो. तिला मृदंगाच्या तालावर मोठं झालेलं पोर म्हणायला हवं, मला उगाच वाटत होतं की तिला कंटाळा येईल.

केबिनमधे आल्यावर दोन वाजेपर्यंत जागी राहिली. बरोबर दोनला घड्याळ काढलं, काटा मागे फिरवला, हातात घातलं आणि म्हणाली, "घे. तास मिळाला."

दिवस तिसरा

समुद्र खवळला. कप्तान रोज दुपारी बाराला स्पीकरवर बोलतात, कुठे आहोत, खाली पाणी किती खोल, वारा किती. आज वारा मोठा होता. बाहेरच्या डेकची दारं बंद, जिन्याच्या कठड्यांना कागदी पिशव्या खोचलेल्या, आणि मी सकाळपासून आडवी. हिरवं सफरचंद, आलं, गोळी सगळं करून झालं. आई ठणठणीत.

रात्री दहाच्या सुमारास मला झोप लागली. जाग आली तेव्हा एक चाळीस झाले होते आणि शेजारचा पलंग रिकामा.

मी जे घाबरले ते शब्दांत सांगता येणार नाही. बोट हलतेय, ती ७६ ची, इंग्रजी तोडकं. गाऊनवर शाल ओढून निघाले. भिंतीचा दांडा धरत धरत चालत होते आणि बोट किती लांब आहे हे तेव्हा समजलं. थिएटर बंद. क्वीन्स रूममधे एक माणूस लाकडाची जमीन पुसत होता, वर झुंबराचे लोलक किणकिणत होते. कसिनोत चार टाळकी. पबमधे खुर्च्या उचलून ठेवल्या होत्या. एका कोपऱ्यात एक बाई जिन्याच्या पितळी दांड्याला पॉलिश करत होत्या, त्यांनी माझा चेहरा बघून विचारलं, मी खुणेने साडी दाखवली, त्यांनी वर बोट केलं. डेक सात.

किंग्ज कोर्ट म्हणजे बुफेची जागा, तिथे रात्री चहा मिळतो. आई खिडकीजवळ बसली होती, समोर चहा, आणि बाजूला गणवेशातला एक तरुण पोरगा हातातलं काम करत करत तिच्याशी बोलत उभा. आणि दोघं मालवणीत!

"आजी, तुमी खंयच्या?"

"मालवण, देऊळवाडो. आणि तू?"

"मी वेंगुर्ल्याचो."

मला रडूच आलं, भीतीचं आणि कशाकशाचं. आई म्हणाली, ये बस, हा बघ आपला निघाला. आईच्या तोंडून मालवणी मी लहानपणी आजोळी ऐकलेली, बाबांशी आणि आमच्याशी ती कायम प्रमाण मराठीच बोलली. आज सलग अर्धा तास एकदा अडखळली नाही.

त्या मुलाचे वडीलही बोटीवर होते, काका मालवाहू जहाजावर. गोव्यात अशा लोकांना तारवटी म्हणतात, घरटी एखादा असतोच, आणि आपल्या सिंधुदुर्गातूनही बरीच पोरं हॉटेल मॅनेजमेंट करून अशी निघतात. महिनोन्महिने सुट्टी नाही, गणपतीला घरी जायला मिळालं तर नशीब. रात्रपाळी का आवडते विचारलं तर म्हणाला, दिवसा पाहुणे ऑर्डर देतात, रात्री पाहुणे बोलतात. रात्री दोन-तीनला जे येतात ते एकटे असतात, म्हणाला, त्यांना चहा नको असतो, कोणीतरी हवं असतं. मग लगेच टेबल पुसायला गेला कारण तिथे उगाच उभं राहता येत नाही.

घड्याळ मागे करायचं त्या रात्री आम्ही विसरलोच, सकाळी केलं.

दिवस चौथा

कोजागिरी. आईने ठाण्याहून निघतानाच पंचांग बघून ठेवलं होतं, मसाला दुधाची पुडी बरोबर होती, केशर, वेलची, चारोळी, सगळं. प्रॉब्लेम एकच, आकाश ढगांनी भरलेलं.

दुपारी म्हणून तिला प्लॅनेटेरियममधे नेलं. हो, बोटीवर तारांगण आहे, इल्युमिनेशन्स नावाच्या हॉलमधे वरून घुमट खाली येतो आणि खुर्च्या मागे रेलतात. समुद्रावरचं हे पहिलंच. आई म्हणाली छान आहे पण चंद्र खोटा चालत नाही.

रात्री मी कमोडोर क्लबमधे गेले, नवव्या डेकवर अगदी पुढे, पियानो चालू असतो. माझी ही बोटीवरची सगळ्यात आवडती जागा. रात्री तिथले समोरच्या काचांचे पडदे ओढून घेतात, कारण तिथला उजेड पुढे पडला तर ब्रिजवरच्या, म्हणजे जिथून बोट चालवतात तिथल्या, लोकांना अंधारात बघायला त्रास होतो. मला हे फार भावलं, इकडे गाणी चाललीत, लोक हसतायत, आणि पडद्यापलीकडे दोन-तीन माणसं अंधारात डोळे ताणून उभी आहेत.

साडेबाराला केबिनमधे गरम दूध मागवलं, मोठं भांडं आणि चार कप. पुडी सोडली. आणि दूध घेऊन, दोन शाली, कानटोपी अशा थाटात सातव्या डेकवर. तिथे बोटीला पूर्ण फेरी घालता येते, लाकडी फळ्यांचा डेक आहे, तीन फेऱ्या म्हणजे साधारण एक मैल. दार उघडल्याबरोबर वारा थोबाडीत मारल्यासारखा. फळ्या ओल्या. डाव्या बाजूला आडोसा बघून उभ्या राहिलो. दहा मिनिटं, वीस मिनिटं, काही नाही, नुसता काळा समुद्र आणि बोटीच्या कडेने पांढरा फेस पळताना. मी म्हटलं आत जाऊ. आई म्हणाली थांब.

दीडला ढग फाटला. सगळा नाही, हातभर. चंद्र चांगला वर होता आणि त्याच्याखाली पाण्यावर एक पट्टा उजळला, बाकी सगळा काळोख. आईने कप वर धरला, दुधात त्याचं काही पडलं का दिसलं नाही कारण तिचा हात हलत होता. मग लक्ष्मी विचारते ना, को जागर्ति, कोण जागं आहे, तर आई मोजायला लागली. ब्रिजवरचे. इंजिनातले. तो वेंगुर्ल्याचा. पाव भाजणारे. पितळ पुसणारी. कुत्र्यांचा माणूस (बोटीवर कुत्र्यांची राहायची सोय आहे, त्यांच्यासाठी एक इंग्लिश दिव्याचा खांब आणि एक अमेरिकन आगीचा नळ उभा केलाय, खरंच). मग थोडं थांबून, "तुझे बाबा असते तर घोरत असते."

हसलो दोघी. दोन कप उरले होते ते दार उघडून आत येणाऱ्या एका जर्मन जोडप्याला दिले. त्यांना चारोळी काय ते समजावताना माझी पुरेवाट झाली, पण त्यांनी कप चाटून पुसून परत केले.

दोन वाजले. पुन्हा एक. मग आम्ही अजून तासभर थांबलो, आमचाच होता.

दिवस पाचवा

धुकं. धुक्यात जहाजाला दर दोन मिनिटांच्या आत एकदा लांब भोंगा द्यावाच लागतो, हा जगभरचा नियम. तर संध्याकाळपासून तो घुमत होता आणि आत मास्करेड बॉल, म्हणजे सगळे मुखवटे लावून. दुपारी कप्तानांनी सांगितलं होतं की रात्री आपण टायटॅनिक जिथे आहे त्याच्या दक्षिणेकडून जाऊ. तेही साउथॅम्प्टनहूनच निघालं होतं, १० एप्रिल १९१२ ला, आमच्यासारखंच न्यूयॉर्कला. हिमनगाला धडकलं रात्री ११.४० ला आणि २.२० ला गेलं. आता ३,८०० मीटर खाली.

क्वीन्स रूममधे पिसांचे, सोनेरी, काळे मुखवटे, वॉल्ट्झ चालू, आणि मधेच तो भोंगा. सव्वाअकराच्या पुढे मी घड्याळाकडे बघत राहिले. बाकी कोणी बघत होतं का माहीत नाही. शेजारच्या आजींनी हळूच मुखवटा वर केला आणि ऑर्केस्ट्राकडे बघून म्हणाल्या, त्या बोटीवरचे आठही वादक गेले, शेवटपर्यंत वाजवत होते. मी आईला सांगितलं. आई बराच वेळ गप्प. मग तिने पुढच्या नाचाला ताल धरला तो नेहमीसारखा बोटांनी नाही, पूर्ण तळव्याने, खुर्चीच्या हातावर, ऐकू येईल असा. ड्रमवाल्याने मान वर करून बघितलं, त्याला ती रोजची माहीत झाली होती एव्हाना, आणि त्याने मान डोलावली. समेवर. म्हणजे त्याला सम कशी कळणार, पण पडली बरोबर.

दिवस सहावा

हवा चांगली. रात्रीच्या शोमधे मुख्य गाणारी मुलगी काय गायली, शेवटी लोक उभे राहिले. दुसऱ्या दिवशीचं सांगते, तीच मुलगी सकाळी साध्या टीशर्टमधे क्रूच्या सुरक्षा सरावात लाइफजॅकेट घालून रांगेत उभी होती. आई लगेच म्हणाली, "रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा." दशावतारी मंडळींबद्दलची म्हण आहे ही. रात्री मुकुट घालून राजा झालेला माणूस सकाळी स्वतःचीच पेटी डोक्यावर घेऊन पुढच्या गावाला चालत निघायचा. आईने ते लहानपणी बघितलंय.

त्या रात्री जी-३२ मधे गेलो. हा नाइटक्लब, क्वीन्स रूमच्या मागे, बोटीच्या शेपटाकडे, दोन मजली. नाव विचित्र वाटतं पण साधं आहे, गोदीत बोट बांधत असताना तिचा जो नंबर होता तो. आत डीजे, निळा उजेड, आणि वय वर्षं वीस ते ऐंशी सगळे एकाच फ्लोअरवर. जे मगाशी दादऱ्यावर मोजून पावलं टाकत होते तेच इथे हात वर करून. आईला आवाज जास्त झाला, दहा मिनिटांत निघालो, पण जाताना म्हणाली बरं झालं बघितलं.

मग पाचवा तास. शेवटचा. चार्ट रूम रिकामी होत आलेली, वादक वाद्यं आवरत होते, आम्ही खिडकीशी. आणि आई बोलायला लागली.

लग्न झालं तेव्हा मालवणहून मुंबईला ती बोटीने आली होती. हे मला माहीत होतं, पण एवढंच. तेव्हा कोकण किनाऱ्याने आगबोटी चालायच्या. बोट धक्क्याला लागायची नाही, किनाऱ्यावरून पडावात बसायचं आणि बोटीला शिडी लावलेली असायची, शालू आवरत ती चढली. वर डेकवर उघड्यावर सगळे, वळकट्या, फणस, कोंबड्या, कोणी ओकतंय, कोणी भजन म्हणतंय, एका कोपऱ्यात पत्ते. दोन्हीकडची वडीलधारी मधे बसलेली, त्यामुळे नवरा-नवरीने रात्रभर एक शब्द बोलायची सोय नाही. झोप कोणालाच नाही. मध्यरात्री कधीतरी बाबा उठून कठड्याशी गेले, पाणी प्यायचं निमित्त करून तीही गेली. त्यांनी दूर किनाऱ्यावरच्या दीपस्तंभाकडे बोट केलं आणि म्हणाले, मोज, किती सेकंदांनी येतो. तिने मोजलं. दोघं मोजत राहिली. त्यांचं पहिलं बोलणं एवढंच, आकडे. मग पहाटे भाऊचा धक्का.

"ती रात्र संपू नये असं वाटलं होतं," आई म्हणाली. "तेव्हा कुठे मिळतो असा तास."

चार्ट रूमचा माणूस दिवे मंद करायला आला, आम्हाला बघून तसाच परत गेला. आम्ही दोघी समुद्राकडे बघत होतो, बाहेर एकही दिवा नव्हता.

दिवस सातवा

आवराआवर. बॅगा रात्रीच दाराबाहेर ठेवायच्या असतात, घड्याळ आता न्यूयॉर्कचं झालेलं, जादा तास नाही. वेंगुर्ल्याच्या मुलाला आईने उरलेली चारोळी दिली आणि त्याच्या आईचा फोन नंबर घेतला, मालवणला गेली की भेटणार आहे म्हणे. आजींचा निरोप घेतला. दहाला झोपायचं ठरवलं आणि अर्थातच झोपलो नाही.

आठवी पहाट

चारला वरच्या डेकवर. माणसं आधीच कठड्याला लागलेली, ब्लँकेटं पांघरून, बरेचसे रात्रभर झोपलेच नव्हते, एकाच्या गळ्यात मुखवटा अजून लटकत होता. समोर व्हेराझानो पूल, दिव्यांची माळ. या बोटीची चिमणी या पुलाखालून जाईल एवढीच ठेवलीय, बांधतानाच तसा हिशोब केला. तरी जवळ येताना वाटतं, नाही जाणार. सगळे गप्प. पूल डोक्यावर आला, वरच्या गाड्यांचा आवाज आला, आणि गेला, मग सगळ्यांनी एकदम टाळ्या वाजवल्या. पुढे काळोखात स्वातंत्र्यदेवीची मशाल आणि मॅनहॅटनचे दिवे.

आईने कठडा धरला होता आणि ओठ हलत होते. मला वाटलं स्तोत्र म्हणतेय. वाकून ऐकलं तर आकडे. पाण्यात कुठला तरी बोयाचा दिवा लुकलुकत होता, लाल, तो ती मोजत होती.

सहा-साडेसहाला ब्रुकलिनच्या धक्क्याला लागलो. भाऊ बाहेर गाडी घेऊन उभा, त्याचा फोन आला, आधी आईला दे म्हणाला.

"आई, झोप झाली ना नीट?"

"नाही रे," आई म्हणाली. "अजिबात नाही. तू चहा आणलायस का?"